शहर, जात आणि जनगणनेतून गायब झालेल्या मुली

शहरात आता जात राहिलेली नाही, हे वाक्य ऐकले नाही असा आंबेडकरी कार्यकर्ता सापडणार नाही. आरक्षणाचा विषय निघाला की समोरचा माणूस हेच वाक्य आधी टाकतो. आपण त्याला भाड्याने घर न मिळाल्याच्या, आडनाव विचारल्याच्या, सोसायटीत वेगळ्या कपातून चहा दिल्याच्या गोष्टी सांगतो. त्या खऱ्या असतात, पण समोरचा त्या "अपवाद" म्हणून झटकून टाकतो. म्हणून या लेखात अशा गोष्टी बाजूला ठेवतो आणि सरकारनेच छापलेल्या आकड्यांकडे वळतो. ते आकडे जनगणनेचे आहेत. त्यातही दोन तक्ते घेऊ, शहरी लोकसंख्येच्या वाढीचा आणि स्त्री-पुरुष प्रमाणाचा.

हे दोन तक्ते सहसा वेगवेगळे लोक वाचतात. पहिला नगररचनेचे आणि बाजारपेठेचे अभ्यासक वाचतात, दुसरा 'मुलगी वाचवा' म्हणणारे. दोन्ही शेजारी ठेवले आणि बाबासाहेबांनी वयाच्या पंचविशीत लिहिलेला जातीवरचा निबंध तिसरा म्हणून सोबत घेतला, तर एक वेगळाच इतिहास दिसू लागतो. तो मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण वर्तमानपत्रे इथेच घोळ घालतात. आपल्याकडे लिंग गुणोत्तर म्हणजे हजार पुरुषांमागे किती स्त्रिया. हे दोन प्रकारे मोजतात. एक सगळ्या लोकसंख्येचे आणि दुसरे शून्य ते सहा वर्षांच्या मुलामुलींचे. शहरांच्या बाबतीत या दोघांचा अर्थ अगदी वेगळा होतो. पहिले गुणोत्तर मुख्यतः शहरात कोण आले आणि कोण गावी राहिले ते सांगते. दुसरे सांगते की कोणाला जन्मूच दिले नाही, किंवा जन्मल्यावर जगू दिले नाही. सहा वर्षांची पोर काही एकटी नोकरीसाठी शहरात येत नाही, त्यामुळे तिथे स्थलांतराचे कारण पुढे करता येत नाही.

आता पहिले गुणोत्तर पाहू. १९०१ साली भारतात शंभरातले जेमतेम अकरा लोक शहरात राहत होते आणि शहरांत हजार पुरुषांमागे ९१० स्त्रिया होत्या. पुढे शहरे वाढत गेली आणि हा आकडा घसरत गेला. १९२१ ला ८४६, १९४१ ला ८३१. म्हणजे हिंदुस्थानातले शहर जसजसे वाढत होते तसतसे ते अधिकाधिक पुरुषांचे होत होते. स्वातंत्र्यानंतर हळूहळू चढ सुरू झाला, १९९१ ला ८९४, २००१ ला ९००, २०११ ला ९२९. २०११ ला शहरी लोकसंख्या ३७.७ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ३१ टक्क्यांवर होती. २००१ ते २०११ या दहा वर्षांत शहरांत जवळपास ९.१ कोटी माणसे वाढली आणि खेड्यांतही जवळपास तेवढीच. देशाच्या दोन तृतीयांशाहून अधिक लोक ज्या खेड्यांत राहतात, त्या खेड्यांएवढी भर एक तृतीयांशाहून कमी असलेल्या शहरांत पडली.

या सरासरीच्या आकड्यांपेक्षा मुंबईचे आकडे जास्त बोलतात. १८७२ च्या मोजणीत मुंबईची लोकसंख्या ६ लाख ४४ हजार होती. १८९१ ला ती ८ लाख २१ हजार झाली. १८९६ ला प्लेग आला, लोक शहर सोडून पळाले आणि १९०१ ला ती ७ लाख ७६ हजारांवर उतरली. १९२१ ला ११ लाख ७५ हजार. त्या वर्षी मुंबईतल्या शंभर माणसांतली चौऱ्याऐंशी मुंबईबाहेर जन्मलेली होती आणि हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे दोन पुरुषांमागे जेमतेम एक बाई.

हे पुरुष कुठून आले होते? सर्वांत मोठा वाटा एकट्या रत्नागिरी जिल्ह्याचा होता, शहराचा सुमारे पाचवा हिस्सा. (तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही येतो.) त्यांच्यात मराठा होते, कुणबी होते, भंडारी होते आणि महार, चांभारही होते. कोकणातल्या महारांना तर यायला आणखी एक कारण होते. ज्या लष्करात त्यांच्या पिढ्या गेल्या होत्या ती भरती १८९० च्या दशकात बंद पडली. सुभेदार रामजी सकपाळ त्याच लष्करातले. त्यांचे कुटुंब १९०४ च्या सुमारास मुंबईत आले, परळच्या चाळीत राहिले आणि पुढे पोयबावाडीच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी वीसहून अधिक वर्षे काढली. बाबासाहेब शहराविषयी लिहीत होते ते ग्रंथालयात बसून केवळ नव्हे. ज्या चाळींत एका खोलीत आठ-दहा गडी पाळ्या लावून झोपत, खानावळीत जेवत आणि महिन्याला गावी मनीऑर्डर करत, त्या वस्तीत ते राहत होते.

गावी राहिलेल्या बाईचे काय? कोकणात तिच्या कष्टाची गाणी खूप आहेत, हिशेब मात्र कोणी मांडला नाही. गिरणीची मजुरी एका गड्याला पुरेल एवढी होती, कुटुंबाला नाही. त्यात बदली कामगाराची तर आज काम आहे, उद्या नाही. त्यामुळे बाळंतपण, आजारपण, म्हातारपण, संपाच्या काळातली उपासमार हे सगळे गावच्या घरावर, म्हणजे बाईवर ढकलले जाई. गिरणीमालकाला आयता वाढवलेला गडी मिळे आणि तो थकला की परत गावी पाठवता येई. जिथे महारकीचे वतन होते तिथे तर गडी मुंबईला गेला म्हणून गावकीची कामे माफ होत नसत, ती घरातल्या उरलेल्या माणसांच्या अंगावर पडत. रत्नागिरीत आजही स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त आहेत, २०११ ला हजारामागे ११२२. दरवेळी जनगणना आली की कोणीतरी अग्रलेख लिहितो की कोकणाने स्त्रीचा मान राखला. अहो, मान राखला नाही, पुरुष घरी नाहीत! मुंबईत जे उणे दिसते तेच रत्नागिरीत अधिक दिसते.

मुंबईत आलेल्या बायाही होत्या. गिरणीच्या वाइंडिंग-रीलिंग खात्यात, नगरपालिकेच्या सफाईत, खानावळी चालवण्यात. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायांचा होता आणि पुढे तो घटत गेला. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा भार सरकारने आणि मालकाने उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. शहरात बाईने टिकायचे असेल तर काय लागते, हे त्या सभागृहात ज्या मोजक्या लोकांना कळत होते त्यांत ते होते.

आणि त्याच शहरात, त्याच गिरण्यांत, अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यात सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगार तोंडाला लावायला तयार नसे. मजुरी जास्त होती ती नेमकी त्या खात्यात. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. तेव्हा "शहरात जात नाही" हे तेव्हाही खरे नव्हते. तरीही ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले आणि खेड्याला राज्यघटनेचा पाया मानायला नकार दिला. हा विरोधाभास नाही. शहराने जात संपवली नाही, पण शहराने दामोदर हॉल दिला, छापखाना दिला, रात्रशाळा दिली, रोखीची मजुरी दिली. खेड्यात यातले काहीच मिळत नव्हते.

आता त्या निबंधाकडे येतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला, जो पुढच्या वर्षी 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. आपल्याकडे त्यातले एकच सूत्र पाठ असते, की जातीचे सार म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. पण पुढचा टप्पा विसरला जातो आणि तो सरळसरळ लिंग गुणोत्तराचा आहे. बाबासाहेब म्हणतात, एखाद्या गटाला आपल्यातच लग्ने करायची असतील तर लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष त्या गटात सारख्या संख्येने असायला हवेत. नवरा आधी मेला तर एक स्त्री 'अतिरिक्त' होते. बायको आधी मेली तर एक पुरुष 'अतिरिक्त' होतो. अतिरिक्त स्त्रीचे करायचे काय? ती जातीबाहेर लग्न करेल, किंवा जातीतल्याच दुसऱ्या मुलीचा नवरा 'खाईल'. म्हणून तिला चितेवर चढवा, नाही तर जन्मभर विधवा ठेवा. अतिरिक्त पुरुष मात्र गटाला हवा असतो, म्हणून त्याला लग्नाच्या वयात न आलेली मुलगी द्या. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही गोष्टी त्यांनी एका साध्या हिशेबातून उलगडून दाखवल्या. जात टिकवायची तर बायांची संख्या ताब्यात ठेवावी लागते, हा तो हिशेब.

तोपर्यंत जातीवर लिहिणारे साहेब लोक वंश, नाकाची मापे आणि धंदे यांत गुंतले होते. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी तर जातींची उच्चनीच उतरंडच लावायला घेतली होती. पंचवीस वर्षांच्या आपल्या तरुणाने तिथे बोट ठेवले की जात बाईच्या शरीरावर उभी आहे.

निबंधात आणखी एक मुद्दा आहे आणि आजच्या विषयाला तोच जास्त लागू पडतो. या चाली सगळ्या जातींत कशा पसरल्या? बाबासाहेबांचे उत्तर, अनुकरणाने. फ्रेंच विचारवंत तार्द यांचा आधार घेऊन ते दाखवतात की प्रतिष्ठा वर असते, नक्कल खालून होते आणि जो वरच्याच्या जितका जवळ तितकी त्याची नक्कल पक्की. ब्राह्मणाच्या शेजारच्या पायरीवरच्या जातींनी तिन्ही चाली उचलल्या, त्याखालच्यांनी एखाददुसरी आणि अगदी दूरच्यांनी काहीच नाही.

हे सूत्र हातात घेऊन मुली मारण्याचा इतिहास पाहा. इंग्रज अधिकारी जोनाथन डंकन याला १७८९ साली बनारसजवळ मुली मारण्याची चाल आढळली ती राजकुमार राजपुतांत. ऐंशी वर्षे अहवालांवर अहवाल झाले आणि १८७० ला बालिकाहत्या प्रतिबंधक कायदा आला. त्याचा रोख प्रामुख्याने उत्तरेतल्या जमीनदार, मानी कुळांवर होता. महाराष्ट्रात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ ला बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते पुण्याच्या ब्राह्मण विधवांसाठी. तिथे मुलगा-मुलगी हा प्रश्न नव्हता, पण मूळ तेच होते. जातीचा हिशेब चुकवणारे मूल जगू द्यायचे नाही. ज्यांच्या घरी जमीन नाही, हुंडा नाही, जिथे बाई रोज कमावते, त्यांच्यात मुलगी मारण्याचे कारण नव्हते. जमीन, मान आणि मुलगी देताना वरचे घर शोधण्याची सक्ती या गोष्टी जिथे एकत्र आल्या तिथे मुली कमी झाल्या.

स्वातंत्र्यानंतरचे दुसरे गुणोत्तर, म्हणजे मुलांचे, आता बघा. १९६१ ला देशात हजार मुलांमागे ९७६ मुली होत्या. १९८१ ला ९६२. १९९१ ला ९४५. २००१ ला ९२७. २०११ ला ९१९. निसर्गतः शंभर मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजारामागे ९५० च्या आसपास मुली अपेक्षित असतात. २०११ ला शून्य ते सहा वयाचे साडेआठ कोटींहून अधिक मुलगे होते. त्या हिशेबाने पंचवीस लाखांहून अधिक मुली कमी भरतात. ही फक्त सात वर्षांची तूट आहे.

शहर आणि खेडे वेगळे केले की चित्र आणखी उघडे पडते. २००१ ला शहरात ९०६ मुली होत्या आणि खेड्यात ९३४. २०११ ला शहरात ९०५ आणि खेड्यात ९२३. म्हणजे एकीकडे शहरातले एकूण स्त्री-पुरुष प्रमाण ९०० वरून ९२९ वर चढले, कारण आता गडी एकटा न येता कुटुंब घेऊन येतो आणि बायांचे आयुष्यही वाढले. दुसरीकडे त्याच शहरात मुली वाढल्या नाहीत. आणि खेडे दहा वर्षांत अकरा अंकांनी घसरले. ही चाल शहरातून गावात गेली. सत्तरच्या दशकात गर्भजल परीक्षा आली ती मोठ्या शहरांच्या रुग्णालयांत. ऐंशीच्या दशकात मुंबईत तिच्या जाहिराती झळकत होत्या. स्त्री संघटनांनी १९८६ पासून आवाज उठवला आणि १९८८ ला महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. पण तोवर सोनोग्राफीचे यंत्र तालुक्याला पोहोचले होते. कायदा करणारे पहिले राज्य असलेल्या महाराष्ट्रात १९९१ ला ९४६ मुली होत्या, २००१ ला ९१३ आणि २०११ ला ८९४. बीड जिल्हा ८०७ वर गेला. बीड काही मोठ्या शहरांचा जिल्हा नाही!

शहराच्या आतले आकडे पाहिले तर आपल्या विषयाचे मर्म सापडते. २०११ ला झोपडपट्ट्यांचे तपशीलवार आकडे आले. देशातल्या साडेसहा कोटी झोपडपट्टीवासीयांत अनुसूचित जातींचे लोक २०.४ टक्के होते. एकूण शहरी लोकसंख्येत मात्र ते १२.६ टक्केच आहेत. म्हणजे शहरातही महारवाडा-मांगवाडा आहे, फक्त नाव बदलले आहे. आणि या झोपडपट्ट्यांत हजार मुलांमागे मुली किती? ९२२. एकूण शहरात ९०५. सगळ्या तक्त्यांत मला हा आकडा सर्वांत बोलका वाटतो. जिथे नळ नाही, संडास नाही, ज्यांना "अडाणी" म्हणून शिव्या बसतात, त्या वस्तीत मुली जास्त जगतात. जिथे लिफ्ट आहे, पदव्या आहेत, "आम्ही जात मानत नाही" म्हणणारी माणसे आहेत, त्या बाजूला कमी. बाबासाहेबांनी सांगितलेली उतरंड शहराच्या नकाशावर अशी उमटते.

शहर म्हणजे काय हे ठरवतानाही बाई मोजली जात नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? २००१ ते २०११ मध्ये देशातली 'जनगणना शहरे' १,३६२ वरून जवळपास ३,९०० झाली. म्हणजे जी गावे सरकारदरबारी ग्रामपंचायतच आहेत, पण जनगणनेने शहर म्हणून धरली. त्यासाठी तीन अटी आहेत. लोकसंख्या किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि काम करणाऱ्या पुरुषांतले किमान ७५ टक्के बिगरशेती कामात. पुरुषांतले! गावातल्या बाया शेतात राबत असल्या तरी पुरुष कारखान्यात गेले की गाव शहर होते. अशा व्याख्येने वाढलेल्या शहरांत २०११ ला काम करणाऱ्या म्हणून नोंदलेल्या बाया शंभरात फक्त पंधरा, खेड्यांत तीस. धुणे, भांडी, मुले, म्हातारे, पाणी भरणे हे काम नाही, असे जनगणनेचे मत आहे.

आणि एकट्या पुरुषांची जुनी मुंबई संपली असे कोणी समजू नये. ती जागा बदलून बसली आहे. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये साडेसात टक्क्यांनी घटली. गिरण्या गेल्या, चाळी टॉवरला गेल्या, कामगार ठाणे, कल्याण, विरारकडे सरकला आणि ठाणे २०११ ला देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. दुसरीकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्हे घटले. पण सुरत जिल्ह्यात, जिथे ओडिशातले आणि आपल्या खानदेशातले कामगार मागावर राबतात, २०११ ला हजार पुरुषांमागे ७८७ स्त्रिया होत्या. दमणला ५३४. नव्वद वर्षांपूर्वीच्या गिरणगावचाच हा आकडा आहे.

आता आपल्या घरात पाहू. हा भाग अनेकांना आवडणार नाही. २०११ ला अनुसूचित जातींचे एकूण गुणोत्तर ९४५ होते, देशाचे ९४३. शहरात देशाचे ९२९ आणि अनुसूचित जातींचे ९४६. इथपर्यंत छाती फुगवायला हरकत नाही. पण मुलांचे गुणोत्तर पाहा. २००१ ला ९३८, २०११ ला ९३३. आदिवासींचे ९७३ वरून ९५७. आणि बौद्धांचे? २००१ ला ९४२ आणि २०११ ला ९३३. देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रातले, तेव्हा हा आकडा मुख्यतः आपलाच आहे. बौद्धांतले ४३ टक्के लोक शहरी आहेत, देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त. बौद्ध स्त्रियांची साक्षरता ७४ टक्के, देशातल्या स्त्रियांची साडेचौसष्ट. बाबासाहेबांनी सांगितले ते आपण ऐकले, गाव सोडले, शिकलो, मुलींना शिकवले. आणि त्याच दहा वर्षांत मुली कमी झाल्या.

कोणी म्हणेल, घट इतरांपेक्षा फार वेगळी नाही, आणि देशाच्या ९१९ पेक्षा ९३३ बरे. बरे आहेच. पण ९५० च्या खाली आहे आणि दिशा उताराची आहे. १९१६ चा निबंध हेच तर सांगतो! वरच्याच्या जितके जवळ जाल तितकी नक्कल पक्की. वस्तीतून फ्लॅटमध्ये गेलो, शेजारी बदलले, लग्नातला हॉल बदलला, हुंड्याला "भेट" म्हणू लागलो आणि "एकच पुरे, मुलगा असला म्हणजे झाले" हेही शिकलो. दारावर बुद्धाची मूर्ती आणि आत मनूचा हिशेब. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी बायांना मुलींनाही शिकवा म्हणून सांगितले. १९५१ ला हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले. मुलीला वाटा मिळाल्याशिवाय ती घरात ओझेच राहणार, हे त्यांना कळत होते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला मिळाला. आपल्या किती घरांत बहिणीची हक्कसोड सही न घेता वाटणी होते, हे ज्याने त्याने आपापल्या भावकीत पाहावे.

बायांची तूट पडली की जात आपोआप ढिली होईल, असा एक भाबडा आशावादही ऐकू येतो. मुली कमी, मग मुले जातीबाहेर लग्न करतीलच ना? घडते काय ते पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर बाशिंग बांधून, घोड्यावर बसून नवरदेवांचा मोर्चा गेला. मुली मिळत नाहीत म्हणून. हरयाणात दूरच्या राज्यांतून पैसे देऊन बायका आणल्या जातात आणि घरी आल्यावर त्यांची जात विचारायची नाही असे ठरते. पण आपल्या मुलीने खालच्या जातीतला मुलगा निवडला की काय होते ते सोनईने २०१३ ला आणि खर्ड्याने २०१४ ला दाखवले. तूट पडली तेव्हा बाईवरचा पहारा वाढला. हाही त्या निबंधातलाच हिशेब.

आता पुढच्या जनगणनेविषयी. २०२१ ची जनगणना झाली नाही. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने जाहीर केले की पुढच्या जनगणनेत सर्वांची जात मोजली जाईल, आणि तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. १९३१ नंतर पहिल्यांदा हे होणार. चर्चा मात्र एकाच गोष्टीची चालली आहे, कोणाची टक्केवारी किती. ती हवीच. पण १९३१ पर्यंतच्या अहवालांत निवडक जातींचे वय आणि लिंगानुसार तक्ते असत. स्वातंत्र्यानंतर फक्त अनुसूचित जाती आणि जमातींचे उरले, बाकी सगळे एका गठ्ठ्यात. त्यामुळे आपल्या वस्तीतल्या मुलींचा आकडा छापून येतो, पण ज्या जातींच्या सोसायट्यांत मुली सर्वांत कमी आहेत त्यांचा येत नाही. त्या गठ्ठ्याआड लपायची सोय आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत जात विचारली होती, आकडे आजवर प्रसिद्ध झाले नाहीत. म्हणून जात विचारली एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. प्रत्येक जातीचे शून्य ते सहा वयाचे मुलगे किती, मुली किती, शहरात किती, खेड्यात किती, हा तक्ता छापला गेला पाहिजे, अशी मागणी आत्ताच लेखी गेली पाहिजे.

आपल्यासाठी यात आणखी एक गुंता आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना अनुसूचित जातीत धरले जाते, पण त्या यादीत 'बौद्ध' ही जात नाही, कारण तो धर्म आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहून जातीच्या रकान्यात काय लिहायचे, यावर आपल्याकडे दर जनगणनेला भांडणे होतात. भांडणारे दोन्ही बाजूंचे लोक प्रामाणिक आहेत, पण नोंद चुकली की आपल्या मुली अनुसूचित जातीच्या तक्त्यात न येता "इतर" मध्ये जातात आणि दोन्हीकडचा आकडा खोटा होतो. तेव्हा विहारांत, मंडळांत, महिला मंडळांत प्रगणक यायच्या आधी बैठका घ्या. रकाने समजावून सांगा. आणि त्या बैठकीत शून्य ते सहा वयाची आपल्या वस्तीतली मुले आणि मुली, आधी आपणच मोजून घ्या.